परवानाधारक हैबतराव

मुसा कुवेतहून कायमचा परत आला तो दोन सुटकेस, एक पांढरं हेल्मेट आणि माणसांना अडवायची सवय घेऊन. तिकडे एका तेल कंपनीत तो सेफ्टी खात्यात होता. शिडीला तपासल्याचा हिरवा टॅग नसेल तर चढणाऱ्याला खाली उतरवायचं, परमिट नसेल तर वेल्डिंग बंद पाडायचं, हे त्याचं काम, आणि ते त्यानं उमेदीची सगळी वर्षं मन लावून केलं. रोह्यात अडवायला कंपनी नव्हती, म्हणून त्यानं नातेवाइकांना अडवायला सुरुवात केली. भाचीच्या निकाहात त्यानं मांडववाल्याला बोलावून विचारलं, आग लागली तर बाहेर पडायच्या वाटा कुठल्या?

"चारी बाजूंनी उघडाच हाय मांडव, चाचा," मांडववाला म्हणाला. "तुमाला हवं तिकडनं पडा बाहेर."

अशा वेळी मुसाची बायको अनीसा ओढणी सारखी करत दुसरीकडे बघायची. त्याच्या नोकरीच्या काळात तिनं इथं एकटीनं संसार केला होता. मुली वाढवल्या, त्यांची लग्नं लावली, भाड्याच्या दोन खोल्यांत सगळं निभावलं. आता तिला फक्त स्वतःचं घर हवं होतं आणि त्या घरात स्वतःची न्हाणी. भाड्याच्या घरातली न्हाणी चार बिऱ्हाडांत मिळून एक होती.

रोह्याबाहेर त्यांचा प्लॉट होताच. नकाशा मंजूर झाला. आळीतल्या लोकांनी गवंड्यांची नावं सुचवली. मुसा प्रत्येक वेळी एकच विचारायचा, "लायसन हाय त्याच्याकडं?"

"मोटारसायकलचं असंल," लोक म्हणायचे, आणि तो विषय तिथेच संपायचा.

शेवटी लायसन कुठं तपासायचं हे विचारायला मुसा स्वतः बांधकाम परवानग्यांच्या खिडकीवर गेला.

"नकाशावर सही करतो त्या इंजिनिअरचं आमच्याकडं असतं," कारकून म्हणाला. "त्याचं बघा."

"त्याचं बघितलं. बांधणाऱ्याचं?"

"खासगी घर बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला आमच्याकडनं काय लागत नाय."

"कायच नाय?"

"वडापावची गाडी लावणार असाल तर लागतं. गाडी लावायचीय?"

"मग लोक घर बांधायला देतात कसं?"

"माणूस बघून," कारकून म्हणाला आणि पुढच्याचा कागद घेतला.

मुसाला हे फार लागलं. माणूस बघून! कुवेतमध्ये माणूस कोणी बघत नसे. गळ्यातलं कार्ड बघत. सरकारनं नियम केला नाही तर आपण करू, असं ठरवून तो घरी आला आणि कॉन्ट्रॅक्टरांना बोलावू लागला. विमा दाखवा, नोंदणी दाखवा, आधीची घरं दाखवा, घरमालकांचे नंबर द्या. कॉन्ट्रॅक्टर येत, अनीसाच्या हातचा चहा घेत, प्रश्न ऐकत आणि परत येत नसत. एकजण तर उंबऱ्यातनं मागे वळून म्हणाला, "चाचा, घर बांधायला देताय का पोरगी द्यायला बघताय?"

मग कोणीतरी पेणच्या हैबतरावांचं नाव सांगितलं.

हैबतरावांचं ऑफिस रामवाडीत, मोबाइलच्या दुकानावर होतं. काचेचं दार, थंड हवा, आणि मागच्या भिंतीवर फ्रेमच फ्रेम. हैबतराव पन्नाशीचे, गोरे, पांढऱ्या शर्टाचे, आवाज असा की समोरच्याला आपली तब्येत बरी असल्यासारखं वाटावं. मुसानं पहिला प्रश्न विचारला आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"साहेब, इतकी वर्षं या धंद्यात आहे. विम्याचा कागद मागणारं तुम्ही पहिलं गिऱ्हाईक. आज ऑफिसचं चीज झालं."

मुसा चष्मा लावून भिंतीपाशी गेला. दुकानाची नोंदणी होती. जीएसटी होता. कामगारांचा विमा होता, आणि तोही चालू. मुसानं फोनवर नंबर टाकून एकेक तपासलं. सगळं खरं निघालं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हैबतरावांच्या भिंतीवर एकही खोटा कागद नव्हता.

"हे कशाचं?" मुसानं विचारलं.

"रक्तदानाचं."

"आणि हे मोठं?"

"सरकारी ठेकेदार म्हणून नोंदणी. मोऱ्या बांधायची."

"मोऱ्या?"

"रस्त्याखालच्या. पाणी जायला."

मुसानं मान डोलावली. सरकारनं ज्याच्यावर रस्त्याखालचं पाणी सोपवलं त्याच्यावर घर सोपवायला हरकत नव्हती.

"मी बांधलेली घरं बघून या," हैबतराव म्हणाले. "मी बरोबर येणार नाही. माझ्यासमोर लोक मोकळं बोलणार नाहीत. तुम्ही एकटे जा, हवं ते विचारा."

परतताना एसटीत मुसा अनीसाला म्हणाला, "ह्याला म्हणतात माणूस. स्वतः म्हनतो, मला तपासा." अनीसा खिडकीतनं बाहेर बघत होती. "फ्रेमा पुसलेल्या व्हत्या," ती म्हणाली. "रोज पुसत असतील." मुसाला ते कौतुक वाटलं.

पहिलं घर गडबला, मोरू आणि कृष्णाबाईचं. भाताची शेती आणि हायवेला पोह्या-पापडांचं दुकान. घर गुलाबी, दुमजली, आणि लांबून अगदी देखणं. मोरूनं खुर्च्या बाहेर अंगणातच टाकल्या.

"काम कसं केलं?" मुसानं विचारलं.

"चोख," मोरू म्हणाला. "माणूस एकदम चोख."

"वागायला?"

"देवमाणूस. कदी आवाज चढवत नाय."

"वेळेवर?"

मोरूनं कृष्णाबाईकडे बघितलं. कृष्णाबाईनं हायवेकडे बघितलं. "पावसापान्यात थोडा इकडंतिकडं व्हतंच," मोरू म्हणाला.

"काय कमी वाटलं? खरं सांगा."

मोरूनं बराच विचार केला. मग कळवळून म्हणाला, "त्यांनी आनखी कामं घेतली पायजेत. तुमच्यासारख्या मोठ्या मानसांची. लवकर घेतली पायजेत."

मुसा खूश झाला. ज्या कॉन्ट्रॅक्टरनं मोठं व्हावं असं गिऱ्हाइकालाच वाटतं, त्याच्याबद्दल आणखी काय विचारायचं?

अनीसानं मध्येच कृष्णाबाईला हळूच विचारलं, न्हाणी कुठंय. कृष्णाबाई उठली. "ये गो," म्हणाली, आणि नव्या घराला वळसा घालून तिला मागच्या बाजूला, दिराच्या जुन्या घरात घेऊन गेली. येताना अनीसानं उघड्या खिडकीतनं नव्या घरातली न्हाणी बघितली. भिंतीला निळी लादी होती. नळ नव्हता. कमोड खोक्यात होता आणि खोक्यावर कोंबडी बसली होती.

"नळ पसंत करायचे ऱ्हायले असतील," मुसा रस्त्यात म्हणाला. "लोकांना लवकर ठरवता येत नाय."

दुसरं घर जोह्याला, जितेश आणि मनालीचं. खाली मूर्तींचा कारखाना, वर घर. कारखान्यात कच्च्या गणपतींच्या रांगा, आणि वर जायला जिन्याच्या जागी बांबूची शिडी टेकलेली. शिडी बघून मुसा जागच्या जागी उभा राहिला.

"वर या ना," वरनं मनालीनं हाक दिली.

"ही बांधलेली नाय," मुसा म्हणाला. "वरचं टोक बांधल्याशिवाय मी शिडी चढत नाय. तुमीपन चढू नका."

"रोज चढतो हो!"

मुसा चढला नाही. त्यानं खालून, मान वर करून, ओरडून तपासणी केली. काम कसं? "एकदम छान!" वरनं मनालीनं सांगितलं. माल कसा? "एक नंबर!" खाली जितेश गणपतीच्या सोंडेला पॉलिश पेपर मारत होता. "हैबतरावांसारखा माणूस नाय," तो मान वर न करता म्हणाला. शिडी अशी का, हे मुसानं विचारलंच नाही. शिडी कशी असावी, ते मात्र त्यानं जितेशला समजावून सांगितलं.

अनीसा तेवढ्यात वर चढून गेली होती. वर स्वयंपाकाचा ओटा नव्हता. स्टोव्ह जमिनीवर होता आणि मनाली उकिडवी बसून पोहे परतत होती. तिनं अनीसाचा हात धरला. "काकू, तुम्ही त्यांना काम कधी देताय?"

"अजून ठरलं नाय."

"द्या ना लवकर. गणपतीच्या आधी दिलंत तर फार बरं होईल."

"कोनाला बरं व्हईल?"

मनाली पोह्यांत चमचा फिरवत राहिली.

अनीसानं रोह्याला पोचेपर्यंत नवऱ्याला सगळं सांगितलं. खोक्यातला कमोड, जमिनीवरचा स्टोव्ह, लवकर द्या म्हणणारी पोरगी. "नव्या घरात बाई जमिनीवर बसून सैपाक करते, आनि वर म्हनते एकदम छान. हे तुमाला पटतं?"

"तू भिंती बघितल्यास? एक तडा हाय?"

"मी भिंतीत ऱ्हानार नाय."

"कागद सगळे खरे हायत, अनीसा. लोकांनी समोरासमोर सांगितलं. ह्याच्यापुढं मानसानं काय तपासायचं?"

करार झाला. मुसानं तो स्वतः लिहून काढला आणि स्टॅम्प पेपरवर उतरवून घेतला. उशीर झाला तर दंड, माल बदलला तर दंड, हेल्मेटशिवाय मजूर दिसला तर दंड. हैबतरावांनी प्रत्येक कलम मोठ्यानं वाचलं, प्रत्येकाला "योग्य आहे" म्हटलं आणि सही केली. सही फार सुंदर होती.

काम सुरू झालं ते झपाट्यानं. जोतं आलं, कॉलम आले, स्लॅब पडला, भिंती चढल्या. मुसा रोज पांढरं हेल्मेट घालून साइटवर उभा राहायचा. मजुरांना त्याचा त्रास नव्हता. तो बोलत असला की काम थांबवून ऐकावं लागे आणि तेवढीच विश्रांती मिळे. हैबतराव दर हप्त्याला स्वतः येत, अनीसाच्या हातचा चहा घेत, हप्ता घेत. शेवटून दुसरा हप्ता दिला आणि साइटवर शांतता पसरली.

आधी रेती नव्हती. मग बिगारी गावाला गेले. मग प्लंबरच्या घरी लग्न निघालं. मुसानं फोन केला की हैबतराव पहिल्या रिंगला उचलत. हे त्यांचं वैशिष्ट्य होतं. फोन न उचलणारे कॉन्ट्रॅक्टर वेगळे.

"हैबतराव, कराराप्रमाणं उशिराचा दंड चालू झाला."

"लावा साहेब. हक्काचा आहे तुमचा."

"मी लेखी नोटीस देनार."

"द्याच. मी पोच देतो."

पोच आली. तिच्यावरही तीच सुंदर सही होती.

त्यातच मुसानं आणखी एक गोष्ट केली होती. करारात घर पुरं व्हायची तारीख होती, म्हणून त्यानं त्याच तारखेला भाड्याच्या खोल्या सोडायचं मालकाला कळवून टाकलं होतं. मालकानं नवा भाडेकरू बघितला. तारीख आली, घर आलं नाही. मुसा आणि अनीसा सामान घेऊन नव्या घरात राहायला गेले. छप्पर होतं, भिंती होत्या, दारं होती. न्हाणीच्या जागी चार भिंती आणि मध्ये खडीचा ढीग. आंघोळीला अनीसा बादली घेऊन शेजारच्या घरी जाऊ लागली. शेजारीण पहिल्या आठवड्यात "या या" म्हणायची. नंतर दार उघडून बाजूला व्हायची. नंतर नंतर कडी काढायलाही उशीर करू लागली.

"चार बिऱ्हाडांत एक तरी न्हाणी व्हती," अनीसा एका सकाळी म्हणाली. "ह्या मानसाकडं रस्त्याखालच्या मोऱ्यांचं लायसन हाय. घरातल्या मोरीचं नाय, हे तुमी तिथंच वाचायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी मुसा तिला घेऊन गडबला गेला, मोरूला जाब विचारायला.

मोरूचं घर आता आतूनही बघता आलं. न्हाणीत नळ होते, शॉवर होता, कमोड जागेवर होता. कृष्णाबाईनं नळ सोडून दाखवला आणि मग लाजल्यासारखी झाली. "तुमच्या पायगुनानं आलं गो," ती अनीसाला म्हणाली.

"माझ्या पायगुनानं कसं?"

मोरूनं खाली बघत सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "हैबतराव नेहमी एक घर मागं असतात. आमचा पैसा जोह्याच्या स्लॅबात गेला. तुमचा पयला हप्ता आला तवा आमची न्हानी झाली. दुसऱ्यात जितेशचा जिना. आता तुमची बारी. नवीन कोनी आला की तुमचं व्हनार."

"म्हंजे आमी आलो तवा तुमची न्हानीच नव्हती," मुसा म्हणाला. त्याचा आवाज चढला. "आनि मला तोंडावर सांगितलंत, चोख माणूस! खोटं बोललात!"

"खोटं कुठं बोललो? सांगितला ना, त्यांनी आनखी कामं घेतली पायजेत, लवकर घेतली पायजेत. ह्याच्याहून मी आनखी काय सांगनार व्हतो?" मोरूनं मान वर केली. "आमी जोह्याला गेलो तवा जितेशनंपन असाच सांगितलानी. मी पन त्याच्यावर ओरडलो. मग माझ्याकडं तुमी आलात. तुमच्याकडंपन कोनतरी येल, मुसाभाय. तवा बघू."

मुसा तावातावानं बाहेर पडला. मी असल्यातला नाही, पोलिसात जाईन, ग्राहक मंचात जाईन, असं तो हायवेवर एसटी येईपर्यंत बोलत होता. वकिलानं करार बघितला, कौतुक केलं, आणि निकाल लागेपर्यंत धीर धरावा लागेल असं सांगितलं. किती धीर, हे सांगितलं नाही.

मग हैबतरावांचाच फोन आला. "साहेब, रविवारी एक मॅडम घर बघायला येतील. नागोठण्याच्या हायस्कुलात गणित शिकवतात. तुमच्यासारख्याच आहेत, सगळं तपासून घेणाऱ्या. तुम्ही चार शब्द बोला. सोमवारी प्लंबर पाठवतो."

"मी खरं तेच सांगनार," मुसा म्हणाला.

"अर्थात. भिंती चांगल्या आहेत ना? माल चांगला आहे ना? तेच सांगा."

रविवारी तस्नीम आली. तिशीची, हातात फाइल, पायात चालायचे बूट. तिनं आधी घराला बाहेरून फेरी मारली आणि मग खुर्चीत बसली. तिचे प्रश्न मुसाच्या प्रश्नांपेक्षा बरे होते. कागद तपासले का, हे तिनं विचारलंच नाही. कागद तिनं स्वतः तपासले होते.

"चाचा, तुम्ही सेफ्टीत होतात म्हणे. तुमच्या शब्दावर माझा विश्वास बसेल. ह्या माणसाला काम देऊ?"

मुसानं तोंड उघडलं. खरं बोलायचं असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं. पण समोर न्हाणीचं दार होतं, आत खडी होती, आणि शेजारणीची कडी त्याच्या डोक्यात वाजत होती. त्याच्या तोंडून निघालं, "काँक्रीटचं काम बघा. पानी मारून क्युरिंग व्यवस्थित झालंय. कामगारांचा विमा चालू. साइटवर एक अपघात नाय." आणि एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. मोरूला जे दोन शब्दांत जमलं होतं ते मुसानं शास्त्रशुद्ध केलं. सळईखालचे कव्हर ब्लॉक, सळईचं अंतर, विटांचा जोड. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. "चोख माणूस," त्यानं शेवट केला.

अनीसा चहाचा कप धरून दारात उभी होती. कुवेतहून नवरा फोनवर सांगायचा, आज चार माणसांना शिडीवरून उतरवलं, तेव्हा तिला त्याचा अभिमान वाटायचा. आज तोच माणूस एका पोरीला वर चढायला सांगत होता.

तस्नीम निघाली तशी अनीसा चपला सरकवून तिच्यामागे गेटपर्यंत गेली.

"पोरी, थांब. ह्यांनी सांगितलं ते सगळं खरं हाय. पन आमच्याकडं न्हानी नाय. काम बंद पडून कितीतरी दिवस झाले. तू पैसे दिलेस की आमची न्हानी व्हईल, आनि मग तुझी व्हायला दुसरं कोनतरी शोधावं लागंल. त्याच्याशी तुला गोड बोलावं लागंल. जमंल तुला?"

तस्नीमनं स्कूटीची किल्ली फिरवता फिरवता हात थांबवला. "चाची, मी गडबला जाऊन आले, जोह्याला जाऊन आले. पुरुष भरभरून बोलले आणि बायका चहा करायला गेल्या. मला वाटत होतं, एखादी तरी गेटपर्यंत येईल."

तिनं हैबतरावांना काम दिलं नाही, आणि का नाही तेही त्यांना सांगून टाकलं. सोमवारी प्लंबर आला नाही.

आला तो जितेशचा टेम्पो. एरवी मूर्ती न्यायचा. त्यातनं जितेश, मनाली, मोरू आणि कृष्णाबाई उतरले आणि सरळ घरात आले. बसा म्हणायचीही वाट बघितली नाही.

"आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग राहिलंय," जितेश म्हणाला. "खाली मूर्ती भिजतात. त्या मॅडमच्या हप्त्यात होणार होतं."

"आमच्या खिडक्यांना गज नाय," कृष्णाबाई अनीसाला म्हणाली. "मांजरा येतात, उद्या चोर येतील. आमी तुमच्यासाठी बोललो ना गो? तुमची जीभ झिजली असती का?"

"माझ्यासाठी?" अनीसा म्हणाली. "माझे पैसे तुमच्या नळातनं व्हातायत, आनि तुमी माझ्यासाठी बोललात?" मग ती जितेशकडे वळली. "जोह्याहून इकडं यायचं तर रामवाडीचं हैबतरावांचं ऑफिस वाटेतच लागतं. तिथं टेम्पो थांबला नाय?"

मनाली म्हणाली, "त्यांच्याशी भांडलो तर काम कोण पुरं करील, काकू?"

इतका वेळ मुसा खुर्चीत बसून होता. तो उठला. "अनीसावर ओरडू नका," तो म्हणाला. "त्या बाईला सांगायला मीच सांगितलं व्हतं."

अनीसानं त्याच्याकडे वळून बघितलं. तो स्वतःवर दोष घेतोय की तिचं श्रेय घेतोय, हे तिला कळेना. त्यालाही बहुतेक कळलं नसावं. पण तो दारात आडवा उभा राहिला होता, आणि चौघं गेल्याशिवाय तिथून हलला नाही.

हैबतरावांचं मात्र कशानंच अडलं नाही. त्यांना अलिबागच्या बाजूला मुंबईच्या लोकांचे बंगले मिळाले. ते लोक तर फारच तपासणारे. त्यांनी कागद बघितले, विमा बघितला, आणि बांधलेली घरं बघायला मागितली. हैबतरावांनी त्यांना गडबला पाठवलं, जोह्याला पाठवलं. रोह्याला कोणी आलं नाही. मोरूच्या खिडक्यांना गज बसले आणि जितेशची गच्ची गळायची थांबली. मुसाच्या नोटिशीची पोच अजूनही वेळेवर यायची. दंड मान्य असल्याचंही दर वेळी लिहिलेलं असायचं.

मग एक दिवस नाथा नावाचा गवंडी आला. हैबतरावांच्या माणसांत त्यानं इथं भिंती बांधल्या होत्या. त्याची मजुरी बुडाली होती आणि एखादं फावडं तरी मागे राहिलंय का ते बघायला तो आला होता.

"न्हानी बांधशील?" अनीसानं विचारलं. "रोजावर. संध्याकाळी हातात पैसे. हप्ता नाय, आगाऊ नाय."

मुसा आतून बाहेर आला. "ह्याच्याकडं..." एवढं म्हणाला, बायकोचं तोंड बघितलं, आणि परत आत गेला.

नाथानं न्हाणी बांधली. रोज आला, सांगितलेल्या वेळी आला. प्लंबरही तोच घेऊन आला. नळाला पाणी आलं त्या दिवशी अनीसानं आतून कडी लावली आणि दुपार होईपर्यंत बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा कळलं की लादीचा उतार उलटा पडलाय. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं. नाथानं डोकं खाजवलं, दोन लाद्या उखडून पुन्हा लावल्या. पाणी आता थोडं जाळीकडे जायचं, थोडं दाराकडे. ह्याहून जास्त त्याला जमेना.

काही आठवड्यांनी तस्नीमचा फोन आला. तिला घर बांधायला अजून कोणी मिळाला नव्हता. तुमच्याकडे कोणी काम केलं म्हणे, कसा आहे माणूस?

"फोनवर नाय सांगत," अनीसा म्हणाली. "येऊन बघ."

तस्नीम आली. अनीसानं तिला खुर्चीत बसवलंच नाही. सरळ न्हाणीच्या दारात नेऊन उभी केली, भरलेली बादली उचलली आणि लादीवर ओतली. दोघी बघत राहिल्या. पाणी दोन वाटांनी फुटलं. एक ओघळ जाळीत गेला, दुसरा उंबऱ्यावरून येऊन तस्नीमच्या बुटांना लागला.

"हे असं हाय," अनीसा म्हणाली. "भिंत सरळ बांधतो. उतार त्याला जमत नाय. येतो म्हनाला की येतो. संध्याकाळी पैसे मागतो, सकाळी मागत नाय."

तस्नीमनं वाकून लादीवरनं हात फिरवला. "उतार काढायच्या दिवशी मीच समोर उभी राहिले तर?"

"लेव्हल लावून घे. तेवढं ऐकतो."

"नंबर द्या, चाची."

अनीसा नंबर सांगत होती तोवर मुसा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, वायपर घेऊन आला. "जरा बाजूला व्हा दोघी," तो म्हणाला. "जमीन ओली हाय, घसराल." आणि उंबऱ्यातलं पाणी तो परत आत ढकलू लागला.